शिडाच्या नौकेतील लाकूडकामाची निगा

शिडाच्या नौकेच्या अंतर्भागातील आडभिंती, कपाटे, निजण्याची बाके, मेज, जिना आणि तळफळ्या यांची स्वच्छता करणे, त्यांवरील डाग काढणे, झिजलेला संरक्षक लेप उतरवणे आणि नवा लेप देणे या कामांना एकत्रितपणे अंतर्गत लाकूडकामाची निगा म्हणतात. लाकडाची नैसर्गिक रेषा व रंग दिसावा म्हणून केवळ पारदर्शक व्हार्निश (रोगण) दिलेल्या लाकूडकामाला नौकानयनाच्या परिभाषेत 'ब्राइटवर्क' असे नाव आहे.

डेकवरील लाकडाचा मुख्य शत्रू सूर्यप्रकाश असतो, तर आतील लाकडाचा मुख्य शत्रू ओलावा असतो. त्यामुळे दोन्हींची निगा वेगवेगळ्या प्रकारे करावी लागते. आतील लाकूड काळवंडले, तेलकट झाले किंवा त्यावर बुरशी चढली तरी बहुतेक वेळा त्याखालचा लेप शाबूत असतो आणि धुऊन वाळवणे एवढाच उपाय पुरतो. याउलट पाणी कोठून येते याचा शोध न घेता नवा लेप दिल्यास तो थोड्याच काळात सुटतो आणि त्याच्या आड लाकूड कुजत राहते. काही ठिकाणी ही कूज डोलकाठीच्या आधारालाच धोका निर्माण करते.

== इतिहास ==

लाकडी जहाजांच्या काळात अंतर्भागाचे लाकूड हे बहुतांशी जहाजाच्या बांधणीचाच भाग असे. सागवान हे त्यासाठी विशेष मानले गेलेले लाकूड होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी करणाऱ्यांनी मलबारच्या सागवानापासून अनेक जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरवलेले 'ट्रिंकोमली' हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. दोनशे वर्षांनंतरही हे जहाज तरंगते आहे, यावरून सागवानाच्या टिकाऊपणाची कल्पना येते.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्रीडानौकांच्या आतील सजावटीचे काही ढंग रूढ झाले. अमेरिकी नौकारचनाकार नथॅनिएल हेरेशॉफ (१८४८–१९३८) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ढंगात भिंतींना पांढरा रंग आणि कडा, चौकटी व कठडे यांना व्हार्निश केलेले महोगनी वापरले जाते. लहान केबिन उजळ दिसावी आणि व्हार्निशचे काम मोजक्याच भागांपुरते राहावे, हा दुहेरी लाभ त्यातून होतो.

१९६० च्या दशकापासून नौकांचे कवच प्रामुख्याने फायबरग्लासचे होऊ लागले. आतील भाग मात्र लाकडाचाच राहिला. तो भरीव फळ्यांऐवजी प्लायवूडचा आणि त्यावर चिकटवलेल्या सागवान वा महोगनीच्या पातळ पापुद्र्याचा (व्हिनियर) बनू लागला. या बदलामुळे लाकूडकामाच्या निगेची पद्धतही बदलली, कारण भरीव फळी अनेकदा घासता येते, पापुद्रा मात्र तसा घासता येत नाही.

== वापरले जाणारे लाकूड ==

सागवानात नैसर्गिक तेल असते व ते आकाराने फारसे आकसत वा फुगत नाही. त्यात सिलिकाचे सूक्ष्म कणही असतात. त्यामुळे हत्यारांची धार लवकर बोथट होते. तेलामुळे सागवान पाण्याला दाद देत नाही, परंतु त्याच तेलामुळे व्हार्निश व गोंद नीट धरत नाहीत. महोगनी तांबूस रंगाचे असून त्यावर व्हार्निश सहज बसते, मात्र पाणी लागल्यास ते लवकर काळे पडते. अमेरिकेतील मूळ जातींचे महोगनी दुर्मीळ झाल्यामुळे अलीकडच्या नौकांत आफ्रिकी महोगनी व तत्सम लाकडे अधिक आढळतात. ओक, चेरी व अ‍ॅश यांचाही वापर होतो.

तळफळ्यांसाठी सागवानाच्या रुंद पट्ट्यांमध्ये हॉली या फिकट लाकडाच्या अरुंद पट्ट्या बसवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. आज बहुतेक नौकांत हा नमुना प्लायवूडवरील पापुद्र्याच्या स्वरूपातच मिळतो.

नौकेसाठी वापरले जाणारे मरीन प्लायवूड उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या फेनॉलिक गोंदाने जोडलेले असते. भारतात त्यासाठी आयएस ७१० व ब्रिटनमध्ये बीएस १०८८ हे मानक लागू आहे. गोंद पाण्याला टिकतो याचा अर्थ लाकूड कुजत नाही असा नव्हे. प्लायवूडच्या उघड्या काठांतून पाणी आत शिरते आणि थरांच्या लाकडात बुरशी वाढू शकते.

== लाकूडकाम खराब होण्याची कारणे ==

=== ओलावा व मीठ ===

बंद केबिनमध्ये ओलावा अनेक वाटांनी येतो. माणसांचा श्वास, ओले कपडे व शिडे, आणि स्वयंपाक ही त्याची नित्याची उगमस्थाने होत. १ किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. रात्री कवच थंड झाले की ही वाफ त्यावर दव होऊन साचते आणि कपाटांच्या मागून खाली ओघळते.

समुद्राच्या पाण्याने भिजलेले लाकूड गोड्या पाण्याने भिजलेल्या लाकडासारखे वाळत नाही. पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ओलावा शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांवरच पाझरू लागते. म्हणून मीठ लागलेला पृष्ठभाग दमट हवेत सतत ओलसर राहतो आणि त्यावर दिलेला लेप नीट धरत नाही. अशा लाकडावरील कोणत्याही कामाची सुरुवात गोड्या पाण्याने पुसून मीठ काढण्यापासून होते.

=== बुरशी व कूज ===

पृष्ठभागावरील बुरशी आणि लाकूड कुजवणारी बुरशी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली धूळ, तेल व घाम यांवर जगते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांहून अधिक काळ राहिली की ती उगवते, पण लाकडाची ताकद कमी करत नाही. दुसरी लाकडाच्या तंतूंनाच खाते. तिला लाकडात वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी लागते. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या खाली राखल्यास कूज सुरू होत नाही. ओलावामापक यंत्राच्या साहाय्याने हे प्रमाण तपासता येते.

=== प्रकाश, झीज व धूर ===

खिडकी व झडपेखालील लाकडाचा रंग प्रकाशामुळे बदलतो. भिंतीवरील घड्याळ वा चित्र बरेच दिवसांनी काढले असता त्याच्या जागी वेगळ्या छटेचा ठसा दिसतो, तो यामुळेच. जिन्याच्या पायऱ्या, हाताने धरण्याचे कठडे, नकाशाचे मेज व भटारखान्याच्या कडा या ठिकाणी लेप सर्वांत आधी झिजतो. रॉकेलचे दिवे, डिझेलचा हीटर आणि स्वयंपाकाचा धूर यांमुळे छताजवळच्या लाकडावर तेलकट थर साचतो.

== तपासणी ==

कामाला हात घालण्यापूर्वी पाण्याचा उगम शोधणे ही पहिली पायरी मानली जाते. डेकवरील खुंट्या, कठड्याचे पाय, खिडक्यांच्या चौकटी व झडपा यांच्या बुडाशी असलेले सीलंट कालांतराने सुटते. पाणी तेथून शिरून आतल्या बाजूने बरेच अंतर वाहत जाते आणि दूरच्या ठिकाणी डागाच्या रूपाने प्रकट होते. त्यामुळे डाग जेथे दिसतो तेथेच गळती असेल असे नाही.

आडभिंतींकडे विशेष लक्ष दिले जाते. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे तारदोर ज्या धातूच्या पट्ट्यांना (चेनप्लेट) जखडलेले असतात, त्या पट्ट्या अनेक नौकांत प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्टने घट्ट केलेल्या असतात. पट्टी डेकमधून जिथे खाली येते तेथे गळती झाल्यास पाणी थेट या प्लायवूडमध्ये मुरते. तेथील काळा ओघळ हा केवळ शोभेचा प्रश्न नसतो. लाकूड कुजल्यास बोल्टची पकड सुटते आणि ऐन वाऱ्यात डोलकाठी कोसळू शकते. अशा जागी टोकदार हत्याराने हलकेच टोचून लाकूड मऊ झाले आहे का, ठोकून आवाज बद्द येतो का, हे पाहिले जाते. कूज आढळल्यास तो भाग बदलणे हाच उपाय ठरतो. त्यावर लेप देणे म्हणजे धोका झाकणे होय.

भरीव लाकूड व पापुद्रा यांतील फरकही आधीच ओळखावा लागतो. फळीच्या कापलेल्या काठावर, दिव्याच्या छिद्रात किंवा कडीच्या खाचेत थरांच्या समांतर रेषा दिसल्यास ते प्लायवूड असते. वरचा पापुद्रा अनेकदा १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. यंत्राने काही क्षण अधिक घासले तरी तो पार निघून जातो व खालचा परका थर उघडा पडतो. ही हानी भरून निघत नाही.

== लेपाची ओळख ==

जुना लेप कोणता आहे हे दर्शनी नसलेल्या कोपऱ्यात चाचणी घेऊन ठरवतात. स्पिरिटचा थेंब लावून थोड्या वेळात पृष्ठभाग चिकट झाला, तर तो लाखेचा लेप (शेलॅक) असतो. स्पिरिटचा परिणाम न होता लॅकर थिनरने तो विरघळला, तर ते लॅकर असते. तेलाधारित व्हार्निश व पॉलियुरेथेन यांपैकी कशानेही विरघळत नाहीत, फार तर सुरकुततात. पाण्याचा थेंब लगेच शोषला जाऊन लाकूड गडद झाले, तर त्या जागी लेप उरलेला नाही किंवा केवळ तेल लावलेले आहे असे समजतात.

ही ओळख स्वच्छतेसाठीही आवश्यक असते. अमोनिया असलेले घरगुती द्रावण व्हार्निशला फारसे बाधत नाही, परंतु लाखेचा लेप त्यामुळे सुटतो.

== स्वच्छता ==

स्वच्छता सौम्य उपायाकडून तीव्र उपायाकडे या क्रमाने केली जाते. प्रथम ब्रश लावलेल्या निर्वात झाडूने कपाटांचे कोपरे, बाकांखालची जागा व तळफळ्यांखालचा बिल्ज (नौकेच्या तळाचा खोलगट भाग) साफ करतात. वाळलेली बुरशी कोरड्या फडक्याने झटकल्यास तिचे बीजाणू केबिनभर पसरतात, म्हणून ती ओलसर फडक्याने टिपली जाते.

त्यानंतर कोमट गोड्या पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे काही थेंब टाकून पिळलेल्या फडक्याने लाकूड रेषेच्या दिशेने पुसतात. लाकडावर पाणी ओतले जात नाही. मग स्वच्छ पाण्याने साबण काढून कोरड्या फडक्याने टिपतात आणि झडपा उघड्या ठेवून किंवा पंखा लावून जागा वाळवतात. अनेक वर्षांचा तेलकट थर या एका धुण्याने जातो आणि 'काळे पडलेले' वाटणारे व्हार्निश पुन्हा चमकू लागते. उरलेला चिकट भाग व्हाइट स्पिरिट वा टर्पेंटाइनने किंचित भिजवलेल्या फडक्याने काढता येतो.

पृष्ठभागावरील बुरशीसाठी पाणी मिसळलेला साधा व्हिनेगर वापरला जातो. सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच लाकडाचे तंतू कमकुवत करते व रंग फिका करते. त्यामुळे ते आतील लाकडासाठी टाळले जाते. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा ब्लीच आणि अमोनिया एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतात, आणि लहान केबिनमध्ये हा धोका अधिक गंभीर असतो. सागवानी डेक धुण्यासाठी विकली जाणारी आम्ल व अल्कलीची दुहेरी द्रावणेही आतील पातळ पापुद्र्यासाठी योग्य नसतात.

सिलिकोन असलेले फर्निचर पॉलिश तात्पुरती चकाकी देते. परंतु त्याचा अंश लाकडावर राहिल्यास पुढे दिलेले व्हार्निश त्या जागी फाकते व माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

== डाग ==

डागाचा रंग त्याची खोली सांगतो. पांढरट डाग बहुधा लेपातच असतो. गरम कप किंवा ओल्या वस्तूमुळे लेपात ओलावा अडकून तो उमटतो. लाखेच्या लेपावर असे डाग सहज पडतात. तो भाग वाळू दिल्यास किंवा अगदी बारीक अपघर्षकाने वरचा थर चोळल्यास हा डाग जातो.

काळा डाग बहुधा लाकडात गेलेला असतो. लोखंडी खिळा, स्क्रू किंवा डबा ओल्या लाकडाला टेकून राहिला की लोह व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने निळसर काळे संयुग बनते. ओकमध्ये टॅनिन भरपूर असल्याने त्यात हे डाग विशेष गडद असतात. ते काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे द्रावण वापरतात. हे आम्ल लोहाला विरघळणाऱ्या फिक्या संयुगात बदलते. द्रावण डागापुरतेच न लावता संपूर्ण फळीवर सारखे लावले जाते, अन्यथा डागाच्या जागी फिका ठिपका उरतो. हा उपाय उघड्या लाकडावरच चालतो. त्यामुळे आधी त्या जागेचा लेप काढावा लागतो. ऑक्झॅलिक आम्ल विषारी असून वाळल्यावर त्याचे स्फटिक उरतात. घासताना त्यांची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून ती जागा गोड्या पाण्याने अनेकदा पुसून मगच घासकाम केले जाते.

लोखंडी कीस (स्टील वूल) नौकेवर वापरत नाहीत. त्याचे तुटलेले धागे लाकडात अडकून दमट हवेत गंजतात व नवे काळे ठिपके पडतात. त्याऐवजी कांस्याचा कीस किंवा नायलॉनचे घासणीचे पॅड वापरले जाते.

== जुना लेप उतरवणे ==

जुना लेप घट्ट धरून असेल, तर तो संपूर्ण काढण्याची गरज नसते. २२० ते ३२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलके घासून त्याची चमक मोडली की त्यावर नवा हात देता येतो. लेप भेगाळलेला, पापुद्रे सुटलेला किंवा खाली पाणी शिरून काळा पडलेला असेल, तरच तो मुळापासून उतरवतात. त्याच्या तीन पद्धती आहेत:

* '''खरवडणे''' – धारदार खरवडणीने (स्क्रेपर) रेषेच्या दिशेने लेप काढतात. ही पद्धत संथ असली तरी धूळ व वाफ कमी होते आणि हाताचा दाब आवरता येतो. खरवडणीचे टोकदार कोपरे आधी गोल करून घेतल्यास लाकडावर ओरखडे पडत नाहीत.
* '''उष्णता''' – गरम हवेच्या बंदुकीने लेप मऊ करून काढतात. भरीव फळीवर ती उपयोगी पडते. पापुद्र्याखालचा गोंद मात्र उष्णतेने सुटू शकतो आणि शेजारचे फायबरग्लासही बिघडू शकते.
* '''रासायनिक द्रावक''' – ही पद्धत वेगवान पण बंद जागेसाठी सर्वांत धोकादायक आहे. मेथिलीन क्लोराइड असलेल्या द्रावकांमुळे बंद जागी काम करणाऱ्यांचे मृत्यू ओढवल्याने अमेरिकेत २०१९ मध्ये त्यांच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली. सुटणारे भाग शक्यतो काढून उघड्या हवेत नेऊनच द्रावक वापरला जातो.

दारे, खण, जिना, मेजाचा वरचा भाग व तळफळ्या हे भाग बहुधा स्क्रू काढून सोडवता येतात. प्रत्येक भागाच्या मागे क्रमांक व दिशा लिहून ठेवण्याची प्रथा आहे. नौकेच्या कवचाला कोठेच सरळ रेषा नसते, त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन फळ्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

भरीव लाकडासाठी घासकाम साधारण १२० क्रमांकापासून सुरू करून १८० व २२० पर्यंत नेतात. पापुद्र्यावर यंत्र न वापरता हाताने, सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, १८० वा त्याहून बारीक क्रमांकानेच घासतात. काठ व कोपऱ्यांवर पापुद्रा सर्वांत आधी निघत असल्याने तेथे दाब दिला जात नाही.

== लेपाचे प्रकार ==

* '''तेलाधारित व्हार्निश''' – जवस वा टुंग यांचे तेल आणि राळ यांपासून बनते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते. लाकडाला उबदार छटा देते व दुरुस्ती सोपी असते.
* '''पॉलियुरेथेन''' – अधिक कठीण असल्याने तळफळ्या व मेजासाठी पसंत केले जाते. ओरखडा पडून पाणी आत शिरल्यास मात्र त्याचे पापुद्रे सुटतात. दोन घटक मिसळून वापरायच्या प्रकारात आयसोसायनेट असतात. ते श्वसनमार्गास अपायकारक आहेत.
* '''जलाधारित व्हार्निश''' – वास कमी व वाळण्याचा वेग जास्त असतो, पिवळेपणा कमी येतो. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते हलके घासावे लागतात.
* '''लाखेचा लेप''' – लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून मिळतो. झारखंड हे भारतातील लाखेचे प्रमुख उत्पादक राज्य आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते व लवकर वाळते. पाणी, उष्णता व मद्यार्क यांना ती टिकत नाही, म्हणून मेज वा तळफळ्यांवर वापरत नाहीत. डिझेल व बुरशीचा जुना वास लाकडात कोंडण्यासाठी, तसेच कपाटे व खणांच्या आतून देण्यासाठी ती उपयुक्त ठरते. लाखेवर पॉलियुरेथेन द्यायचे असल्यास मेण काढलेली लाखच वापरावी लागते.
* '''तेल''' – लावण्यास सर्वांत सोपे, पण संरक्षण सर्वांत कमी. बाजारातील 'टीक ऑइल' सागवानापासून काढलेले नसून बहुधा जवस वा टुंग तेल व द्रावक यांचे मिश्रण असते. बंद कपाटाच्या आत तेल लावल्यास त्याचा वास दीर्घकाळ जात नाही.

चकचकीत लेपावर प्रत्येक ओरखडा दिसतो व दिव्याचा प्रकाश परावर्तित होतो. म्हणून आतील मोठ्या पृष्ठभागांसाठी अनेकदा मंद चमकेचे (सॅटिन) व्हार्निश निवडले जाते. मंद चमक आणणारे कण डब्याच्या तळाशी बसत असल्याने ते वापरण्यापूर्वी व वापरताना ढवळावे लागते.

== लेप देण्याची पद्धत ==

घासकामानंतर धूळ निर्वात झाडूने व द्रावकाने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने काढतात. सागवानाचा पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून वरचे तेल कमी केले जाते. आतील तेल काही वेळाने पुन्हा वर येते, म्हणून पुसल्यानंतर फार विलंब न लावता पहिला हात देतात.

तेलाधारित व्हार्निशचा पहिला हात थिनर मिसळून पातळ केला जातो, जेणेकरून तो लाकडात मुरतो. पुढचे हात क्रमाने घट्ट असतात. दोन हातांमध्ये लेप पूर्ण वाळू देऊन २२० ते ३२० क्रमांकाने हलके घासतात व धूळ पुसतात. उन्हापावसातील लाकडाला ६ ते १० हात लागत असले तरी आतील लाकडाला सामान्यतः ३ ते ५ हात पुरतात. जाड एका हातापेक्षा पातळ अनेक हात चांगले ठरतात, कारण जाड थर वरून वाळतो पण आत मऊ राहतो आणि उभ्या पृष्ठभागावर ओघळतो.

फळीचा कापलेला काठ पाणी सर्वाधिक शोषतो. म्हणून काठांना अधिकचे हात किंवा इपॉक्सीचा थर दिला जातो. दर्शनी बाजूला लेप देऊन मागची बाजू कोरी ठेवल्यास दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रमाणात ओलावा घेतात व फळी वाकते. तळफळ्यांच्या बाबतीत खालची बाजू बिल्जकडे असल्याने तिला लेप देणे विशेष महत्त्वाचे असते. तळफळ्या एकमेकींना घट्ट बसवलेल्या असतील, तर काठावरील लेपाच्या जाडीमुळे त्या अडकतात. असे झाल्यास संकटकाळी बिल्जपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून काठ आधी थोडे घासून जागा ठेवतात. चालण्याच्या जागी चकचकीत लेप ओला झाल्यावर निसरडा होतो, त्यामुळे तेथे मंद चमकेचा किंवा खरखरीत कण मिसळलेला लेप देतात.

दमट हवेत व्हार्निश उशिरा वाळते. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक असते. हा काळ बुरशी वाढण्याचा असून लेप देण्यासाठी प्रतिकूल असतो. हिवाळ्यातील कोरडे दिवस त्यासाठी सोयीचे ठरतात.

== सुरक्षितता ==

केबिन ही अरुंद, खोल व मोजकीच दारे असलेली जागा असते. द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली उतरून बिल्जमध्ये साचते. वरच्या झडपा उघड्या असूनही ती तेथेच राहू शकते. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालील तापमानातही पेट घेऊ शकते. पंपाचा स्विच, शेगडीची ठिणगी किंवा घासण्याचे विद्युतयंत्र यांपैकी काहीही तिला पेटवण्यास पुरेसे असते. म्हणून काम सुरू असताना गॅस व अनावश्यक वीज बंद ठेवून पंख्याद्वारे ताजी हवा आत आणि तळाची हवा बाहेर नेली जाते. अशा जागी साधा पंखा विद्युत ठिणगी टाकू शकतो, त्यामुळे तो वाफेच्या मार्गात न ठेवता ताजी हवा आत ढकलण्यासाठी बाहेरच्या बाजूस ठेवतात.

जवस व टुंग तेल असलेले लेप वाळताना उष्णता बाहेर टाकतात. पसरलेल्या पृष्ठभागावरून ती निघून जाते, पण चुरगळून टाकलेल्या तेलकट चिंध्यांच्या ढिगात ती कोंडते व ढीग आपोआप पेट घेतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग लाकूडकामासाठी वापरलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्यांमुळे भडकली. तीत ३ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. अशा चिंध्या एकेरी पसरून उघड्यावर वाळवतात किंवा पाणी भरलेल्या झाकणबंद धातूच्या डब्यात ठेवून नौकेबाहेर नेतात.

लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले. सागवानाची धूळ काहींच्या त्वचेला व श्वसनमार्गाला त्रास देते. धुळीसाठीचा मुखवटा वाफेपासून संरक्षण देत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या गाळणीचा मुखवटा लागतो. जुन्या नौकांवरील रंगात शिसे असू शकते, त्यामुळे असा रंग कोरडा घासणे किंवा जाळणे टाळले जाते.

== नियमित देखभाल ==

दीर्घकाळ टिकणारी निगा लेपापेक्षा हवेवर अवलंबून असते. नांगरून ठेवलेल्या नौकेत कपाटांची दारे व तळफळ्या थोड्या उघड्या ठेवणे, गाद्या उभ्या करणे, पाऊस न येता हवा खेळेल अशी वायुवीजनाची सोय करणे आणि बिल्ज कोरडा ठेवणे हे त्याचे मुख्य उपाय होत. कपाटांच्या दारांना जाळी, वेतकाम किंवा तिरप्या पट्ट्या असण्याची जुनी प्रथा याच कारणासाठी पडली. समुद्रसफरीनंतर गोड्या पाण्याच्या ओलसर फडक्याने लाकूड पुसणे आणि लेपाला पडलेला ओरखडा लगेच त्याच व्हार्निशने भरणे एवढ्याने पुढचे मोठे काम बरेच लांबते. प्रत्येक वेळी लेप मुळापासून उतरवताना थोडे लाकूडही जाते. त्यामुळे पापुद्र्याचे लाकूडकाम असलेल्या नौकेत असे काम एखाद्या वेळीच करता येते, आणि ते टाळणे हाच निगेचा मुख्य हेतू मानला जातो.